यादीत नाही, म्हणून हटवली: दूरच्या सर्व्हरवरच्या फाइलींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेकडे तीन बाहेरच्या ठिकाणांहून यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी येतात. प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर, त्यावर एकच डिरेक्टरी आणि तिच्यात कामाच्या प्रत्येक दिवशी साधारण चाळीस नव्या फाइली. सर्व्हर आमच्या ताब्यातले नाहीत. आम्हाला तिथे एफटीपीचं (फाइली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीचं), टीएलएस हे सांकेतिक संरक्षण लावलेलं, एक खातं मिळालेलं आहे. शेल, म्हणजे त्या यंत्रावर थेट हुकूम द्यायची जागा, नाही, त्यामुळे आत शिरून एलएस किंवा फाइंड हे फाइली दाखवणारे हुकूम चालवायची सोय नाही. बाहेरून यादी मागायची आणि सर्व्हर देईल ती घ्यायची.

हे काम एक लहानशी स्क्रिप्ट करायची. ती मी लिहिली होती. रात्री दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, ती सुरू करायचा. कर्ल या फाइली मागवणाऱ्या साधनाला डिरेक्टरीचा पत्ता शेवटच्या तिरक्या रेघेसकट दिला आणि फक्त नावं हवीत असा पर्याय लावला, की प्रत्येक ओळीत एक नाव अशी यादी येते. ती यादी सॉर्ट करायची, आपल्याकडच्या फाइलींची यादीही सॉर्ट करायची आणि कॉम कमांडने दोन्ही समोरासमोर ठेवायच्या. तिकडे आहे पण इकडे नाही, ती फाइल उतरवून घ्यायची. इकडे आहे पण तिकडे नाही, ती इथून काढायची.

हा दुसरा नियम उगाच घातलेला नव्हता. चुकीची नोंद चढली तर पाठवणारे ती त्यांच्या सर्व्हरवरून काढून टाकतात, आणि मागे घेतलेली नोंद आमच्या अहवालात राहिली तर यंत्राबद्दलचा निष्कर्षच चुकतो. मात्र स्क्रिप्ट लिहिताना थेट आरएम हा पुसण्याचा हुकूम लावायला हात धजेना, म्हणून काढलेल्या फाइली 'वगळलेल्या' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायच्या आणि सात दिवसांनी दुसऱ्या क्रॉनने तिथून साफ करायच्या, अशी सोय ठेवली. त्या वेळी डिरेक्टरीत जेमतेम काही शे फाइली होत्या. अकरा महिने हे सगळं बिनबोभाट चाललं.

मंगळवारचा मेल

स्क्रिप्ट रोज पहाटे एक छोटा मेल पाठवायची: प्रत्येक ठिकाणच्या किती नव्या आल्या, किती काढल्या. एरवी त्यात "नव्या ३८, काढलेल्या ०" किंवा फार तर "काढलेल्या २" असं असायचं. त्या मंगळवारी मेलमध्ये एका ठिकाणापुढे होतं: नव्या ६४०, काढलेल्या ३५२.

मी तो मेल वाचला होता. आदल्या आठवड्यात पाठवणाऱ्यांनी कळवलंच होतं की वर्षभरापूर्वीच्या काही नोंदी दुरुस्त करून सोमवारी चढवणार आहोत. त्यामुळे ६४० आकड्याचं नवल वाटलं नाही. आणि ३५२? जुन्या चुकीच्या नोंदी काढून त्यांच्या जागी सुधारित टाकल्या असतील, असं मनात जुळवून मी मेल बंद केला. काढलेल्या फाइलींची नावं लॉगमध्ये होती. ती उघडली असती तर पहिल्या ओळीतच दिसलं असतं की त्या वर्षभरापूर्वीच्या नाहीत, गेल्या दोन आठवड्यांतल्या आहेत. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. मी जे कारण धरलं ते ऐकायला पटण्यासारखं होतं, आणि पटलं म्हणूनच ते तपासलं गेलं नाही.

शुक्रवार: अडचण पुढे येते

नोंदी वापरणारा विभाग आठवड्याचा अहवाल शुक्रवारी काढतो. दुपारी बाराच्या सुमारास तिथल्या सहकारी मॅडमचा फोन आला. "अहो, एका यंत्राची बुधवारची नोंद दिसत नाहीये. तिकडे विचारलं तर ते म्हणतात, आम्ही केव्हाच चढवलीय."

आधी लॉग पाहिला. मंगळवारनंतरच्या तिन्ही रात्री त्या ठिकाणापुढे: नव्या ०, काढलेल्या ०, कर्लचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे काम यशस्वी. रोज चाळीस येणाऱ्या फाइलींपैकी सलग तीन रात्री एकही आली नव्हती, तरी त्याबद्दल कुठे लाल खूण नव्हती. स्क्रिप्टच्या लेखी सगळं सुरळीत होतं.

मग हातानेच यादी मागवली आणि बुधवारच्या फाइलीचं नाव ग्रेपने शोधलं. नाही मिळालं. मॅडमना सांगायला फोन उचलणार होतो की फाइल तिकडे नाहीच, पण त्याआधी एकदा त्या फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन ती थेट मागून पाहिली. फाइल उतरली. उघडून पाहिली, आतली नोंद बुधवारचीच, पूर्ण.

यादी म्हणते नाही, आणि नाव घेऊन हाक मारली तर फाइल हजर. पुन्हा यादी मागवली आणि या वेळी डब्ल्यूसीने ओळी मोजल्या. बरोबर १०,०००. आधल्या तीन रात्रींच्या याद्या जपून ठेवलेल्या होत्या, त्याही मोजल्या. १०,०००, १०,०००, १०,०००. माणसांच्या रोजच्या कामातून तयार होणाऱ्या डिरेक्टरीत इतका गोल आकडा चार वेळा येत नाही. कुठेतरी कोणीतरी यादी कापत होतं.

कारण

कर्ल '-व्ही' लावून पुन्हा चालवला, म्हणजे सर्व्हरशी होणारं सगळं बोलणं पडद्यावर दिसतं. नावांची मोठी रांग संपली आणि तिच्याखाली सर्व्हरचा शेवटचा निरोप होता: कोड २२६, आणि त्यापुढे यादी १०,००० नावांवर कापली आहे अशा अर्थाचे शब्द.

एफटीपीत दोन जोडण्या असतात. हुकूम आणि त्यांची उत्तरं एका जोडणीवरून जातात, तर फाइली आणि याद्या दुसऱ्या. आमची यादी दुसऱ्या जोडणीवरून येत होती आणि ती कापल्याची सूचना पहिल्या जोडणीवरून. स्क्रिप्ट फक्त यादी वाचायची. शिवाय क्रॉनचा मेल स्वच्छ राहावा म्हणून मी कर्लला गप्प बसवणारा '-एस' पर्याय लावला होता. यादीच्या मजकुरात "पुढे अजून आहे" असं सांगणारं काहीही नव्हतं. आणि २२६ हा काम पार पडल्याचा कोड. हुकूम यशस्वी, जोडणी नीट बंद, म्हणून कर्लनेही शून्य परतवलं. कर्लचं यात काही चुकलं नाही.

सर्व्हरवर प्युअर-एफटीपीडी हे एफटीपी सेवेचं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या सेटिंगमध्ये एका यादीत जास्तीत जास्त किती नावं द्यायची याची मर्यादा असते, आणि सोबत येणाऱ्या नमुना सेटिंग फाइलीत ती १०,००० असते. अवाढव्य डिरेक्टरीची यादी सारखी मागून कोणी सर्व्हरला दमवू नये, यासाठी ती आहे. तिथल्या व्यवस्थापकांनी ती मुद्दाम लावली नव्हती आणि मुद्दाम बदललीही नव्हती.

आता सोमवारचं गणित लागलं. आमच्या फाइलींची नावं तारखेने सुरू होतात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी नावाच्या क्रमाने येते, म्हणजे जुनी वर, नवी खाली. सोमवारपूर्वी डिरेक्टरीत ९,७१२ फाइली होत्या. सोमवारी ३८ नेहमीच्या नव्या आल्या आणि ६४० जुन्या तारखांच्या. एकूण १०,३९०. जुन्या तारखांच्या फाइली क्रमात वर शिरल्या आणि तळाच्या ३९० कात्रीत सापडल्या. त्यातल्या ३८ आम्ही कधी उतरवल्याच नव्हत्या, पण उरलेल्या ३५२ आमच्याकडे होत्या. स्क्रिप्टने नियमाप्रमाणे धरलं की तिकडे नाहीत, म्हणजे मागे घेतल्या, आणि त्या बाजूला काढल्या. त्यानंतर मंगळवार ते गुरुवार आलेल्या १२१ फाइली तारखेने सगळ्यात नव्या, म्हणून यादीत शिरल्याच नाहीत. कापलेली यादी रोज तंतोतंत तीच येत राहिली, म्हणून मेलमध्ये दोन्ही आकडे शून्य.

सगळ्यात ताज्या नोंदीच गायब होत होत्या. ज्या फाइलींसाठी हा सगळा खटाटोप, नेमक्या त्याच.

तोललेले पर्याय

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघंजण बसलो, मी आणि नेटवर्क सांभाळणारा सहकारी. आधी दोन्ही क्रॉन थांबवले. साफसफाईचा क्रॉन येत्या मंगळवारी त्या ३५२ फाइली कायमच्या पुसणार होता, म्हणून तो पहिला. मग पर्याय मांडले.

मर्यादा वाढवून घेणं सगळ्यात सोपं. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा. पण तो बदल दुसऱ्या संस्थेच्या हातात, त्यांच्या मंजुरीच्या वेळापत्रकाने होणार. शिवाय आज २०,००० केली, तर आणखी वर्षभराने हाच शुक्रवार पुन्हा उगवला असता.

दुसरं साधन वापरावं, असं सहकाऱ्याचं म्हणणं होतं. आरक्लोन हे फाइली जुळवून ठेवणारं साधन यादी छान देतं, फाइलींचे आकारही देतं. त्याला कितीही वाखाणलं तरी तेही याच सर्व्हरकडे याच एफटीपीवरून यादी मागणार. कात्री सर्व्हरच्या हातात आहे, मागणारा बदलून ती सुटत नाही. यावर आमचा अर्धा तास गेला, पण तो वाया गेला असं मला वाटत नाही. दोष साधनात आहे की उत्तर देणाऱ्याच्या नियमात, हे त्यातूनच पक्कं झालं.

एसएफटीपी या वेगळ्या, सुरक्षित पद्धतीकडे जाणं मला मनापासून पटत होतं. तिथे डिरेक्टरीची नावं हप्त्याहप्त्याने येतात आणि सगळी संपली की सर्व्हर संपल्याचा वेगळा संकेत देतो. यादी पुरी झाली की नाही, हे यादी देण्याच्या रीतीतच बसवलेलं आहे. अ‍ॅमेझॉनच्या एस३सारख्या ऑनलाइन साठ्यांतही एका उत्तरात जास्तीत जास्त १,००० नावं येतात, पण पुढे आणखी आहेत की नाही हे त्याच उत्तरात लिहिलेलं असतं, आणि पुढचं पान मागायची खूणही. कापण्यात वाईट काही नाही. कापल्याचं कुठे सांगितलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. पण एसएफटीपीसाठी नवी खाती आणि नवी परवानगी लागणार होती. आजच्या अडचणीला ते पुरं पडणारं नव्हतं.

उरला तुकड्यांचा मार्ग. नावं तारखेने सुरू होतात, तेव्हा सगळ्या डिरेक्टरीची यादी न मागता एकेका महिन्याची मागायची. कर्लच्या '-एक्स' पर्यायाने यादीचा हुकूम आपल्याला हवा तसा देता येतो: एनएलएसटी (फक्त नावं मागण्याचा एफटीपीचा हुकूम), पुढे वर्ष-महिन्याचे सहा आकडे, पुढे तारांकन (म्हणजे त्यापुढे काहीही). एका महिन्यात हजाराच्या आतबाहेर फाइली, म्हणजे मर्यादा खूप लांब. यात एक खोट होती: ज्या फाइलीचं नाव ठरलेल्या साच्यात नाही, ती कोणत्याच महिन्यात बसणार नाही आणि दिसणारही नाही. ती मान्य करून, आठवड्यातून एकदा पाठवणाऱ्यांकडून एकूण संख्या मागवून ताळा घ्यायचा, असं ठरलं.

पाठवणाऱ्यांनीच रोज एक यादीफाइल चढवावी, नाव, आकार आणि चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखायची संख्या) यांसह, हा पर्याय सगळ्यात भक्कम. तो लांबच्या कामात टाकला.

केलेली कामं

महिन्यांचे तुकडे मागवले, जोडले, मोजले: १०,५११. तिकडच्या व्यवस्थापकांना फोन करून त्यांच्याकडचा आकडा विचारला. त्यांनी सर्व्हरवरच मोजून तोच सांगितला. यादीत न दिसलेल्या ५११, त्यांपैकी आम्ही कधीच न उतरवलेल्या १५९ आणि 'वगळलेल्या'त गेलेल्या ३५२. बेरीज जुळली, तेव्हा पुढे हात घातला.

१५९ उतरवल्या. ३५२ लगेच परत आणल्या नाहीत. त्यातल्या एखाद-दुसरीला पाठवणाऱ्यांनी खरोखरच मागे घेतलं असण्याची शक्यता होती. म्हणून प्रत्येकीचा पत्ता देऊन कर्लने '-आय' पर्यायासह चौकशी केली. एफटीपीवर हा पर्याय फाइल न उतरवता तिचा आकार आणि बदलाची वेळ सांगतो. ३५२ पैकी ३५१ तिकडे होत्या आणि आकार आमच्या प्रतींशी जुळले. एक खरंच नव्हती. विचारल्यावर कळलं की ती बुधवारी मागे घेतली होती. डोळे झाकून सगळ्या परत आणल्या असत्या, तर ती एक चुकीची नोंद अहवालात बसली असती.

इथे आकड्याचा एक पेच आला. ती फाइल बुधवारीच गेली असेल, तर शुक्रवारची एकूण संख्या एकने कमी यायला हवी होती. शोधलं तर गुरुवारी तिच्याऐवजी सुधारित नोंद त्याच दिवसाच्या तारखेने पण पुढच्या क्रमांकाने चढली होती, आणि तिची मोजणी गुरुवारच्या नव्या फाइलींत न होता माझ्या हिशेबात ३५२ मध्ये धरली गेली होती. म्हणजे खरे आकडे ३५१ आणि १६०. ती एक फाइलही उतरवली. बेरीज जुळणं आणि हिशेब बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या संध्याकाळी साडेसात वाजता नीट दिसलं.

स्क्रिप्ट शनिवारी बदलली. आता ती सर्व्हरचा शेवटचा निरोपही वेगळ्या फाइलीत साठवते आणि वाचते. या सर्व्हरवर यादी पुरी असेल तर २२६ पुढे एकूण नावांची संख्या येते. ती संख्या आलेल्या ओळींशी जुळली नाही, किंवा कापल्याचे शब्द दिसले, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. एका रात्रीत वीसपेक्षा जास्त फाइली काढायची वेळ आली तर एकही काढत नाही, फक्त मेल करते. आरसिंक (फाइलींच्या प्रती जुळवणारं आणखी एक साधन) आणि आरक्लोन या दोन्हींत असा लगाम घालायचा पर्याय तयारच आहे. आरसिंक तर पाठवणाऱ्या बाजूला वाचताना चूक आढळली की हटवण्याचं काम आपोआप बंद ठेवतं. त्या लोकांनी हा विचार कधीच करून ठेवलेला आहे.

आणि काढण्यापूर्वी प्रत्येक फाइलीची नाव घेऊन चौकशी होते. साइझ या आकार विचारणाऱ्या हुकुमाला उत्तराचा कोड २१३ आला तर फाइल आहे, ती काढायची नाही. ५५० आलं तर बहुधा नाही. बहुधा म्हणतो, कारण परवानगी नसली तरी ५५०च येतं. म्हणून दोन रात्री सलग ५५० आल्यावरच फाइल 'वगळलेल्या'त जाते, आणि तिथे आता सातऐवजी तीस दिवस राहते.

निष्पत्ती

नोंद एकही कायमची गेली नाही. सोमवारी सकाळी तिन्ही सर्व्हरचे आकडे दोन्हीकडे सारखे होते. मर्यादा वाढवण्याची विनंती तिकडे पुढे मान्य झाली, महिन्यागणिक वेगळी डिरेक्टरी करण्याचंही ठरलं. तरी तुकड्यांनी यादी मागणं आम्ही चालू ठेवलं आहे.

वीस फाइलींचा लगाम त्यानंतर एकदा लागला. पाठवणाऱ्यांनी दुबार चढलेल्या ५७ नोंदी एकदम काढल्या होत्या. दहा मिनिटांच्या फोनने खात्री झाली आणि हाताने मंजुरी दिली.

एक नुकसान मात्र झालं. आम्ही कारण शोधत होतो तेव्हा विभागाला काहीच कळवलं नाही. पूर्ण उत्तर हाती आल्यावरच सांगू, असं मला वाटत होतं. मॅडमनी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली आणि अहवाल आहे त्या नोंदींवर काढून पुढे पाठवला. तो सोमवारी मागे घेऊन दुरुस्त करावा लागला. यादी कापलेली आहे हे आम्हाला सव्वाबारालाच कळलं होतं. "अहवाल थांबवा, ताज्या नोंदी अपुऱ्या आहेत" एवढं एक वाक्य तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारचा मेल मी वर सांगितलाच आहे. पण मला त्याहून मोठी वाटणारी चूक अकरा महिने आधीची आहे. यादी म्हणजे डिरेक्टरीचं प्रतिबिंब, असं मी धरलं. यादी हे सर्व्हरने एका प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे आणि ते देताना त्याचे स्वतःचे नियम लागू असतात. एफटीपीचं मूळ मानक १९८५चं. त्यातच म्हटलेलं आहे की लिस्ट हुकुमाची सविस्तर माहिती यंत्रागणिक वेगळी असते, ती प्रोग्रामने वापरायला अवघड जाईल, माणसाला मात्र उपयोगी पडेल. प्रोग्रामला नीट वाचता येईल असा एमएलएसडी हुकूम २००७च्या मानकात आला. आम्ही नावांपुरतं एनएलएसटी वापरत होतो, ते प्रोग्रामसाठीच आहे. पण उत्तर पुरं आहे का, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

उतरवणं आणि हटवणं या दोन कामांना मी एकाच यादीचा आधार दिला, हेही चुकलं. उतरवण्यासाठी अपुरी यादी चालून जाते. आज राहिलेली फाइल उद्या येईल. हटवण्यासाठी नाव नसणं हाच पुरावा असतो, आणि अपुऱ्या यादीत तो पुरावा फुकटात तयार होतो.

नव्या फाइली सलग शून्य येणं ही सूचनाच होती. कामाच्या दिवशी शून्य आल्या तर आता वेगळा मेल जातो. उरलेल्या दोन सर्व्हरवरही तेच सॉफ्टवेअर आणि तीच मर्यादा निघाली, म्हणून रोजच्या मेलची पहिली ओळ आता प्रत्येक डिरेक्टरीतल्या एकूण फाइलींची असते. काल एकीत ८,२१४ होत्या, दुसरीत ६,९८०.